इतर हक्क

रबाळ्याच्या ऑफिसात, रात्री दोन वाजता,
मी एका मेलेल्या माणसाची गाय मोजते.
गाय एक, तपकिरी, म्हातारी. वासरू एक.
कथलाच्या थाळ्या सहा, पैकी एक वितळलेली.
कोठार अर्धं.
उरलेलं अर्धं भावाचं असणार.

अब्नेर टिल्टन, शेतकरी, कनेक्टिकट,
मयत सतराशे एकावन्न, फेब्रुवारी.
त्याच्या नवव्या पिढीतले एक निवृत्त दंतवैद्य
ओहायोत बसून विचारतात, मी कुठून आलो.
आम्हाला नावामागे चार रुपये.

त्या काळचा त्यांचा स फ सारखा दिसतो.
पहिल्या आठवड्यात मी सगळ्या सनचे फन केले,
जसविंदरने पूर्ण बॅच परत पाठवली.
आता चुकत नाही. आता मला
कारकुनाची शाई कुठे संपत आली तेही कळतं,
आणि तो कुठे कंटाळला.

जमिनीची चतुःसीमा:
पूर्वेस नदी. पश्चिमेस डीकन पोर्टरची दगडी कुंपणभिंत.
दक्षिणेस पांढऱ्या ओकचा बुंधा.
उत्तरेस इंडियन लोकांचं जुनं मक्याचं शेत.

जुनं.
या एका शब्दावर माझा हात थांबतो,
स्क्रीन झोपी जातो,
काचेत मी दिसते, मागे ठाणे-बेलापूर रोड.

आमचीही होती चतुःसीमा.
पूर्वेस गावठाण, पश्चिमेस खाडी,
उत्तरेस मिठागराचा बांध, दक्षिणेस राघो मढवी यांची खारजमीन.
फेरफार झाला, संपादित असा शिक्का बसला.
आता उत्तरेस पेट्रोल पंप आहे. दक्षिणेस जिम.
खाडी अजून पश्चिमेसच, पण तिला
कोणी सीमा म्हणत नाही, व्ह्यू म्हणतात.

बायकोला तिसरा हिस्सा,
शिवाय चुलीजवळची खोली, विधवा राहील तोवर.
थोरल्याला नदीकडचं. धाकट्याला घोडा, बायबल.
मुलींना पलंग. लग्न झालं असेल तर
पलंग पोचला असं समजावं.

मग किटली.
मग किटलीच्या खाली, बैलजोडीच्या वर:
एक काळी मुलगी, नाव फीबी.
किंमत बैलजोडीहून थोडी जास्त.

फॉर्ममध्ये नात्याचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, पुतण्या, जावई.
बाण खाली खाली जातो
आणि परत बायकोवर येतो.

आमच्या सातबाऱ्यावर एक रकाना असतो,
इतर हक्क.
विहिरीचं पाणी, सोसायटीचा बोजा, आणि बहिणी.
पदू आतेचं नाव तिथे अकरा वर्षं होतं.
मग हक्कसोड, अंगठा, कंस.
कंसातली बाई कागदावर असते,
फक्त तिला वाचायचं नसतं.

मी शेरा म्हणून टाइप केलं: फीबी, इतर हक्क.
सिस्टीमने लाल केलं.
जसविंदर म्हणाली, प्रॉपर्टीत टाक आणि पुढे जा.
मी टाकलं. पुढे गेले.
चार रुपये मिळाले नाहीत,
कारण प्रॉपर्टीतली नावं मोजत नाहीत.

सकाळी घणसोलीला आले तेव्हा
पदू आते ओट्यावर करदी निवडत होती.
तिला सांगितलं सगळं, गाईपासून.
गाईबद्दल तिने दोन प्रश्न विचारले.
फीबीबद्दल काही नाही.
हात मात्र थांबले होते,
आणि मांजराने तेवढ्यात एक करदी पळवली.

मग म्हणाली, फुडं कय झाला तिचा?

पुढे एकच कागद आहे, आते.
थोरल्या मुलाचा हिशेब, तीन वर्षांनंतरचा.
मीठ. खिळे. डॉक्टर.
फीबीला जोडे, दोन शिलिंग.
त्यानंतर ती कुठेच नाही.

आतेने पाय पोटाशी घेतले,
टाचांवरच्या भेगांत मिठागराचं पांढरं
इतक्या वर्षांनीही असल्यासारखं वाटलं मला,
ऊन असेल.

जोडं दिलं, ती म्हणाली.
म्हंजी चालत व्हती.